सोमवारचं क्रियापद

वाक्यात उपयोग

"बाईंचा पाय माझ्या ताब्यात आहे," असं जोडेवाला गेली तेहतीस वर्षं दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत आला होता. त्यात फुशारकी होती, पण खोटं काही नव्हतं. दुकानाच्या मागच्या भिंतीवर, खिडकीच्या उजव्या अंगाला, वरून दुसऱ्या रांगेत बाईंचे दोन्ही पाय सुतळीने एकमेकांना बांधून खिळ्याला टांगलेले होते. लाकडाचे.

जोडा काही हवेत शिवता येत नाही. त्याला आतून पाय लागतो, आणि गिऱ्हाईक पंधरा दिवस आपला पाय दुकानात ठेवून घरी जाऊ शकत नाही. म्हणून त्याच्या मापाचा लाकडी पाय कोरायचा, त्यावर चामडं ताणायचं, खिळायचं, शिवायचं आणि शेवटी आतला पाय अलगद ओढून काढायचा. मागे उरतो तो जोडा. या लाकडी पायाला कलबूत म्हणतात. भिंतीवर अशी दोनशेच्या वर कलबुतं होती, आणि प्रत्येकाच्या टाचेवर जोडेवाल्याच्या तिरक्या अक्षरात मालकाची ओळख होती: 'पोस्टमास्तर'. 'मोठी सून'. 'डावा पाय भांडखोर'.

त्याच्या वडिलांनी घालून दिलेला एक नियम होता. माप एकदाच घ्यायचं. कागदावर पायाची रेघ ओढायची, त्यावरून लाकूड कोरायचं, पहिला जोडा बसला की तो कागद शेगडीत टाकायचा. "कागद सुरकुततो, लाकूड सुरकुतत नाही," वडील म्हणायचे. पोराने ते गाठीला बांधून ठेवलं होतं.

बाईंच्या कलबुतावर लिहिलं होतं: 'बाई, इंग्रजी'. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या, रस्त्याच्या टोकाच्या शाळेत नुकत्याच लागल्या होत्या, आणि दिवसभर उभं राहता येईल असा जोडा हवा म्हणून आल्या होत्या. पेन्सिल तळव्याच्या कमानीजवळ गेली की त्यांना गुदगुल्या होत. पाय हलला, रेघ चुकली. दुसरा कागद. पुन्हा हलला. तिसऱ्या कागदावर एकदाचा पाय उतरला तोवर जोडेवाल्याचे कान लाल झाले होते.

"तिसऱ्यांदा मुद्दाम हलवला होता," हे बाईंनी लग्नानंतर सांगितलं.

अर्थ

यंदा, एका मंगळवारी सकाळी, शाळेत निघताना बाईंच्या हातून आधी पेन पडलं, मग पिशवी, मग त्या स्वतः. झटका मेंदूच्या डाव्या बाजूला होता. म्हणजे उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं विस्कटलं. शब्द आत असायचे, पण दाराशी येऊन अडकायचे. निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं.

सहा आठवड्यांनी दोन माणसांनी खुर्चीत बसवून त्यांना वर आणलं. वर, कारण घर दुकानाच्या माडीवर होतं. मधे अकरा पायऱ्या. त्या दिवसापासून बाई खाली उतरल्या नव्हत्या.

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. तिच्या इमारतीला लिफ्ट, समोर बाग, दोन गल्ल्यांवर चांगलं हॉस्पिटल. ती चार दिवस येऊन राहिली, सगळं डोळ्यांखालून घातलं आणि निघण्याआधी बापाला खाली दुकानात गाठलं.

"बाबा, तुम्ही रात्रंदिवस वर-खाली करता. तुमचे गुडघे किती दिवस साथ देणार?"

"माझ्या गुडघ्यांना नको मध्ये आणूस."

"बरं, नाही आणत. आईला विचारलं मी, काय करायचं. ती म्हणाली, 'इथे.' एवढंच. तिला दहा वेळा विचारलं, दहा वेळा 'इथे'."

"मग झालं तर."

"झालं कसं? वर अडकून पडलीय ती. इथे म्हणजे त्या खोलीत नाही ना म्हणायचं तिला?" लेकीने नाक ओढलं. "हे बघा, एकवीस दिवसांनी रविवार आहे. मी गाडी घेऊन येते. आई आपल्या पायांनी खाली आली, तर मी चहा पिऊन परत जाते, एक शब्द बोलत नाही. नाही आली, तर दोघांना घेऊन जाते. दुकानाचं बघू."

दुकानाचं बघू म्हणजे काय, हे कळायला जोडेवाल्याला कुणाची शिकवणी लावायची गरज नव्हती.

शब्द

शाळेत बाईंची एक रीत होती. दर सोमवारी पहिल्या तासाला फळ्यावर एक इंग्रजी क्रियापद. साधंच: जाणं, देणं, विसरणं. त्याखाली शब्द, अर्थ, मूळ, वाक्यात उपयोग, गृहपाठ, याच क्रमाने. पोरं 'मूळ' आलं की पेन खाली ठेवून ऐकायची, कारण तिथे गोष्ट असायची. हजार वर्षांपूर्वी हा शब्द कुणाच्या घरी राहत होता, कुठल्या कामाला जात होता, काय होता नि काय झाला. हे सगळं बाई आधी एका निळ्या वहीत मराठीत लिहून काढत. ठळक इंग्रजी शब्द तेवढा इंग्रजीत.

जोडेवाल्याने ती वही कधी उघडली नव्हती. त्याची शाळा सातवीत सुटली. इंग्रजीचं आणि त्याचं पटलं नाही ते नाहीच. लग्नाच्या पहिल्या वर्षी बाईंनी त्याला शिकवायचा प्रयत्न केला होता. आठव्या दिवशी "तुम्ही जोडे शिवा" म्हणून हात टेकले होते.

पण हॉस्पिटलमधल्या वाचा-सुधारणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं, ओळखीचं काहीतरी मोठ्याने वाचा आणि मधे एक शब्द सोडा, तो त्यांना भरू द्या. बाईंच्या ओळखीचं काय असणार? जोडेवाल्याने वही काढली. रोज दुपारी चारला, दुकानाचं अर्धं दार ओढून, तो वर येऊन पलंगाशी बसे आणि वाचे. इंग्रजी शब्द आला की त्यावर बोट ठेवून गप्प.

"या शब्दाचा मूळ अर्थ गुरं राखणं, आताचा हातात धरणं. शब्द आहे..."

बाई ओठ जुळवत. दुरून काही ओढत आणल्यासारख्या. "हो...ल्ड."

"बरोबर!"

"तुम्हाला... काय... माहीत?"

"अगं, तुझ्या तोंडावरून कळतं. चुकलीस की भुवया आधी चिडतात."

बाई हसल्या की तोंडाची डावीच बाजू हसे. त्याला तेवढीही पुरे.

पाचव्या दिवशी एका पानावर बाईंनी डावा हात ठेवला.

"हे... नको. पुढचं."

"का? वाईट शब्द आहे?"

"पुढचं!"

त्याने पान उलटलं. मास्तरणीचा हुकूम.

मूळ (पुसून पुन्हा लिहिलेलं)

एक दिवसाआड व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. दारातूनच "चला चला" म्हणत आत शिरायची, म्हणून जोडेवाल्याने तिचं नाव चल-चल ताई पाडलं होतं. तिनेच सांगितलं, की उजव्या पायाचा चवडा लोंबकळतो, अनवाणी चालल्या तर बोटं अडकून तोंडावर पडतील, आणि सपाता तर नकोच. टाच घट्ट धरणारा बंद जोडा हवा.

"जोडा?" जोडेवाल्याच्या छातीत वारं भरलं. "ताई, तुम्ही कुणाच्या घरात उभ्या आहात?"

तो खाली गेला आणि भिंतीवरून बाईंचे पाय उतरवले. सुतळी सोडली. मऊ तपकिरी चामडं निवडलं, आत शेळीच्या कातड्याचं अस्तर, टाचेला दुहेरी कडक पट्टी. सहा दिवस त्याने दुसऱ्या कुणाच्या जोड्याला हात लावला नाही. पोस्टमास्तर येऊन दोनदा रिकाम्या हाताने गेले. टाके इतके बारीक होते की नख फिरवलं तरी लागू नयेत. कलबूत ओढून काढलं तेव्हा जोड्याने आतून सुस्कारा टाकला. चांगला जोडा टाकतोच.

वर नेऊन त्याने गुडघ्यावर बसून बाईंच्या पायांत चढवले, आणि तेहतीस वर्षं विचारत आला तेच विचारलं:

"बसला ना?"

"छान," बाई म्हणाल्या. हा शब्द त्यांना अजिबात अडकला नाही.

पण चालल्या नाहीत. म्हणजे चालायच्या, पलंग ते खिडकी, चार पावलं, मग बसायचं. दमले. डोकं जड आहे. उद्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्या. रविवारला नऊ दिवस उरले. जोडेवाला आधी समजावणीने बोलला, मग चिडून, मग आणखी चिडून.

"तुला इथे राहायचंय ना? तूच म्हणालीस ना, इथे? मग पाय उचल की! मी उचलू का तुझ्याऐवजी?"

बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. जोडेवाला तरातरा पायऱ्या उतरून गेला आणि खाली ऐरणीवर उगाचच एक तळ बडवत बसला.

दुसऱ्या दिवशी चल-चल ताईने बाईंचे मोजे काढले आणि वरूनच हाक मारली.

"काका, जरा वर या. हे काय आहे?"

करंगळीच्या बाजूला फोड फुटून ओली झाली होती. टाचेवर लाल चट्टा. उजवा पाय सुजलेला, पण फोड आणि चट्टा डाव्यालाही. डावा तर चांगला पाय होता.

"जोडे चावतायत यांना," ताई म्हणाली.

"चावतील कसे? तिच्याच मापाचे आहेत."

"माप कधी घेतलंत?"

"घेतलंय म्हणजे! खाली टांगलेलं आहे. लाकूड बदलत नाही, ताई."

"काका," ती मुलगी शांतपणे म्हणाली, "लाकडाला झटका आला नव्हता."

बाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. भुवया चिडल्या नव्हत्या. घाबरल्या होत्या.

मूळ

त्या दुपारी चारला तो वर गेला नाही. वही मात्र खाली घेऊन बसला. कुठलं पान "नको" होतं ते त्याला आठवत होतं. कोपरा दुमडला गेला होता. वाईट शब्द नव्हता. पान असं होतं:

"शब्द: लर्न. अर्थ: शिकणं.

मूळ: जुन्या इंग्रजीतून. त्याच्याही मागे गेलं तर मुळाशी आहे मातीत उमटलेला माग, चाकोरी. माग काढत जाणं म्हणजे शिकणं. याच घराण्यातला दुसरा शब्द: लास्ट. जुना अर्थ पावलाचा ठसा, पायाचा तळ. पुढे जोडे बनवणाऱ्यांच्या लाकडी पायाला हेच नाव मिळालं. म्हणजे शिकणं आणि आमच्या घरची भिंत एकाच कुळातली! (हे मुलांना सांगताना हसू आलं.)

आपला शिकणं निराळ्या घरचा. संस्कृतात त्याच्या मागे 'शक्' आहे: जमणं. शिकणं म्हणजे जमावंसं वाटणं. त्यांच्याकडे माग, आपल्याकडे इच्छा. दोन्ही लागतात.

एकेकाळी इंग्रजीत शिकवणं यालाही हाच शब्द वापरत. आता तसं कुणी बोललं तर अडाणी म्हणतात. मला तो अडाणीपणा आवडतो."

इथवर पेनाने. त्याखाली, समासात, पेन्सिलने, बारीक:

"मागच्या बाकावरून प्रश्न: बाई, तुमच्या घरी जोड्यांचं दुकान, मग तुम्ही टेबलाखाली जोडे काढून का शिकवता? मी म्हटलं, पुढचा शब्द. काय सांगणार? भिंतीवरचा पाय चोवीस वर्षांचा आहे. तो शिकला नाही, मी शिकले."

जोडेवाल्याने ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. मग भिंतीकडे बघितलं. दोनशे पाय, सगळे ज्या दिवशी कोरले त्या वयाचे. 'मोठी सून' आता आजी झाली होती.

वाक्यात उपयोग, दुसरं वाक्य

तो वर गेला. पलंगाशी बसला. वही मांडीवर.

"किती वर्षं?"

बाईंनी वही बघितली आणि डोळे मिटून घेतले.

"किती वर्षं चावतायत माझे जोडे?"

"लेक..." बाई थांबल्या. शब्द ओढून आणला. "झाल्यावर."

"एकोणतीस वर्षं?" त्याचा आवाज चिरकला. "बाळंतपणात पाय पसरतो हे मला ठाऊक आहे, अगं! गिऱ्हाइकांना सांगत आलोय मी! वहिनी, आता एक बोट मोठा घ्या, असं. आणि माझ्या घरात, माझ्या नाकाखाली... तू सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही... विचारायचात."

"विचारायचो! दर वेळी विचारायचो, बसला ना म्हणून!"

"हो." डावी बाजू जराशी हसली. "तोंड... असं." आणि बाईंनी डाव्या हाताने हवेत काहीतरी काढलं. गोल, वर उचललेलं, कौतुकाची वाट बघणारं. आपलं तोंड असं कुणी दाखवावं आणि ते ओळखू यावं, याची जोडेवाल्याला लाज वाटली, आणि हसूही आलं.

"म्हणजे मीच 'छान' म्हणायला लावलं तुला."

"आणि... भिंत." बाईंना अजून बोलायचं होतं. तो थांबला. वाचा-सुधारणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं, मधे शब्द पुरवू नका. "तो पाय. हसणारा. मला... आवडायचा. तिथे."

खाली दुकानाच्या अर्ध्या दारावर कुणीतरी टकटक करून निघून गेलं.

"काल तुझ्यावर ओरडलो," जोडेवाला म्हणाला.

"हो."

"फोड आलेल्या पायाने तू चालत होतीस, आणि वरून मी ओरडलो."

"हो," बाई म्हणाल्या, आणि डाव्या हाताने त्याच्या डोक्यावर एक टपली मारली. हळू. मग तो हात तिथेच राहिला.

माप

एक दिवस सोडून चल-चल ताई आली तेव्हा खोलीच्या मधोमध जमिनीवर पांढरा कागद पसरलेला होता, आणि त्यापुढे जोडेवाला मांडी घालून, कानाला पेन्सिल लावून बसला होता.

"ताई, हिला उभं करा. बसून माप खोटं येतं. वजन पडलं की पाय खरा कळतो."

ताईने बाईंना पाठीमागून धरलं. कागदावर आधी डावा, मग उजवा. पेन्सिल सरळ धरून जोडेवाल्याने टाचेपासून रेघ सुरू केली. घोट्याखालून, करंगळीला वळसा घालून, बोटांच्या टोकांवरून, आणि मग आतल्या बाजूने कमानीकडे. डाव्या पायाची कमान आली तशी बाईंच्या तोंडून "अ" निघालं आणि पाय सरकला. रेघ वाकडी झाली.

"दुसरा कागद," जोडेवाला म्हणाला. ताईला कळेना हे दोघं इतके का हसतायत.

उजव्या पायाला गुदगुल्या झाल्या नाहीत. तिथे पेन्सिल सुरळीत फिरली. जोडेवाल्याने ती रेघ सगळ्यात हळू ओढली.

कागदावर त्याने लिहिलं:

डावा. चवडा रुंद, जोडा दोन बोटं कमी पडत होता. अंगठ्याचा सांधा बाहेर आलाय, कधीपासून देव जाणे.
उजवा. तेच, वर सूज. सूज संध्याकाळी जास्त, म्हणून दुपारी चारला पुन्हा मोजणे.
कमान खाली बसलेली. उभं राहून राहून.
लाकूड: चूक. माणूस: बरोबर.

नवं लाकूड कोरायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर जुनं काढून टाकायला त्याचं मन होईना. कलबूत मोठं करायची एक युक्ती असते. वडिलांना ती कमीपणाची वाटायची, म्हणून या दुकानात ती कधी झाली नव्हती. लाकडावर चामड्याचे पातळ तुकडे एकावर एक चिकटवायचे, जिथे पाय वाढला असेल तिथे, आणि वाळले की कानशीने घासून उतार द्यायचा. जोडेवाल्याने करंगळीच्या अंगाला तीन थर चढवले, सांध्यावर दोन, चवड्यावर एक सलग. घासताना मधेच बोटाने चाचपायचा, डोळे मिटून, आणि कालचा पाय आठवायचा. आतलं लाकूड चोवीस वर्षांचंच राहिलं. त्याच्यावर एकेका थराने पुढची वर्षं चढली.

जोड्याच्या टोकाला त्याने जरा वर उचल दिली, बोटं अडकू नयेत म्हणून. नाड्या काढून टाकल्या. एका हाताने, त्यातही डाव्या हाताने लागेल अशी एक रुंद पट्टी शिवली, आणि ती लागते का हे बघायला स्वतःचा उजवा हात पाठीमागे धरून वीसदा लावून पाहिली.

शनिवारी बाईंच्या पायांत चढवले. "बसला ना?" तोंडावर आलं होतं. त्याने ते गिळलं.

"कुठे चावतो ते सांग," तो म्हणाला.

बाईंनी उभं राहून पाहिलं. दोन पावलं. चार. खिडकीशी जाऊन वळल्या.

"डावा. टाच. थोडा... सैल."

सैल! जोडेवाल्याला कुणी हार घातला असता तरी इतकं बरं वाटलं नसतं. बाईंनी त्याच्या जोड्याला नाव ठेवलं होतं. जोडा उचलून तो धावतच खाली गेला.

अकरा

सुट्टीचा दिवस असूनही चल-चल ताई सकाळी नऊला हजर झाली. "म्हटलं, एवढं नाटक चुकवते की काय?" बाईंच्या कमरेला तिने रुंद पट्टा बांधला आणि मागून धरला. लेक दहाला येणार होती.

उतरताना दुबळा पाय आधी खाली, मग चांगला. चढताना उलट. हे बाईंनी आठ दिवस घोकलं होतं. डावा हात कठड्यावर. जोडेवाला बाईंच्या पुढे, एक पायरी खाली, त्यांच्याकडे तोंड करून, उलटा. त्याची नजर फक्त जोड्यांवर.

पहिली.

दुसरी. तिसरी.

चौथीवर बाई थांबल्या. श्वास लागला होता. कठड्यावरची बोटं पांढरी.

"बसायचंय का?" ताईने विचारलं.

"सोमवारचं क्रियापद," जोडेवाला म्हणाला. "माग काढत जाणं, त्याला काय म्हणतात?"

"आज... रविवार."

"बरं, रविवारी सुट्टी. उतर मग."

पाचवी, सहावी.

सातवीला उजव्या जोड्याचं टोक पायरीच्या कडेला टेकलं. जोडेवाल्याचे दोन्ही हात आपोआप पुढे आले, आणि बाईंनी मान हलवली. नाही. तो तसाच उभा राहिला, हात हवेत. बाईंनी पाय मागे घेतला. थोडा वर. आणखी थोडा. टोकाला दिलेली उचल कडेवरून घासत सुटली आणि जोडा खालच्या पायरीवर सपाट बसला.

आठ, नऊ. दहा.

अकरावी कशी गेली हे त्याला नंतर सांगता आलं नाही. डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

दुकानात गिऱ्हाइकांचं एक बाकडं होतं, पुढे बुटकं टेबल. बाई तिथे बसल्या. तीन महिन्यांनी चामड्याचा नि गोंदाचा वास त्यांनी नाक भरून घेतला. समोर भिंत. 'बाई, इंग्रजी' आपल्या खिळ्याला परत टांगलेलं, अंगाखांद्यावर थर चढलेलं, आधीइतकं देखणं नाही. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"जाड झाली," त्या म्हणाल्या.

"शिकली," जोडेवाला म्हणाला.

ताई पाणी आणायला वर गेली. आणि तेवढ्यात जोडेवाल्याने बघितलं: टेबलाखाली बाईंचा डावा हात हळूच खाली गेला, पट्टी सुटली, आणि दोन्ही जोडे पायांतून निघून बाजूला, जोडीने, भिंतीला लागून उभे राहिले.

"चावतायत?" त्याने विचारलं. "खरं सांग. अजून अर्धा तास आहे, मी सैल करतो..."

बाईंनी आपल्या अनवाणी पायांकडे असं पाहिलं, जसं काही ते दुसऱ्याच कुणाचे आहेत. मग त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसायला लागली, आणि तिच्यामागे उजवीसुद्धा एक केसभर.

"सवय," बाई म्हणाल्या.

गाडी रस्त्यावर थांबली. लेक लगबगीने आत आली, जिन्याकडे वळली आणि जागीच थबकली. बाकड्यावर आई. आई टेबलामागे, पाठ ताठ, हजेरी घ्यायला बसल्यासारखी.

"आई? तू खाली?"

"चहा," बाईंनी तिला सांगितलं. "घे. आणि... जा."

लेकीने पर्स खाली टाकली आणि बाईंच्या कुशीत तोंड खुपसलं. रडून झाल्यावर ती खाली वाकून डोळे पुसत होती, तेव्हा तिची नजर टेबलाखाली गेली.

"बघा!" ती ओल्या आवाजात हसली. "जोडे काढलेच. हिची शाळेतली खोड गेली नाही अजून."

जोडेवाला चहाचं भांडं घेऊन उभा होता.

"म्हणजे तुलाही ठाऊक होतं?"

"बाबा, अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. आम्ही तिला अनवाणी बाई म्हणायचो."

जोडेवाल्याने भांडं ठेवलं, खाली बसला आणि दोन्ही जोडे पुन्हा बाईंच्या पायांत चढवले. मग उठून मापाचा कागद शोधला. शेगडी पेटलेली होती, आणि पहिल्या दिवशी असो की तेहतिसाव्या वर्षी, जोडा बसला की कागद तिथेच जायचा ही या दुकानाची रीत होती. त्याने कागदाची घडी केली आणि निळ्या वहीत, दुमडलेल्या पानाशी ठेवली.

"पुढच्या वर्षी पुन्हा माप घेईन," तो बाईंना म्हणाला. "दर वर्षी घेणार आता. पाय हलवायचा नाही."

बाईंनी शब्द शोधला. या खेपेस तो फार लांब गेलेला नव्हता.

"हलवीन," त्या म्हणाल्या.